इंटर्नशिपमध्ये कला आणि आरोग्य : मी तिथे नेमकं काय करायचं?

चित्रवेडी :
नमस्कार मंडळी. मी चित्रकलेच्या शेवटच्या वर्षाला आहे. या सत्राच्या इंटर्नशिपसाठी स्टुडिओऐवजी मी एक सामाजिक आरोग्य केंद्र निवडलं. माझ्याकडे दोन गट असतील. एक ज्येष्ठांचा, त्यात काहींना स्मृतिभ्रंश आहे, एक-दोघांना पक्षाघातानंतर बोलता येत नाही. दुसरा पंधरा ते अठरा वयाच्या मुलामुलींचा. केंद्राच्या समन्वयकांना शेवटी मोठं भित्तिचित्र हवंय, उद्घाटनासकट. कॉलेजच्या अहवालात ‘आरोग्यात झालेली सुधारणा’ असा एक रकाना आहे. आणि मानसशास्त्र शिकणारी मैत्रीण म्हणते, तू थेरपिस्ट नाहीस, यात पडू नकोस. मला हे काम मनापासून करायचंय. ज्यांनी केलंय त्यांनी सांगा, सुरुवात कुठून करू?

उंबरठा :
अशा इंटर्न मुलामुलींची देखरेख मी बरीच वर्षं करतेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी मैत्रिणीचं. तिचं निम्मं बरोबर आहे. कला-उपचार हा स्वतंत्र व्यवसाय आहे, त्याला वेगळं शिक्षण आणि देखरेखीखालचा सराव लागतो. उपचार करणारा माणूस समोरच्याचं दुखणं उघडतो, तेव्हा ते सांभाळायची जबाबदारीही घेतो. तू ते उघडायला जायचं नाहीस. ‘आयुष्यातला सर्वांत वाईट दिवस काढा’ असले विषय चुकूनही देऊ नकोस. पण एकत्र बसून गाणं, रंगवणं, गोष्ट रचणं याला थेरपिस्ट लागत नाही, आणि त्याचाही तब्येतीशी संबंध आहेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१९ साली ३००० हून जास्त अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला, तो जरूर वाच. सगळे अभ्यास सारख्या दर्जाचे नाहीत हेही त्यात मोकळेपणाने म्हटलंय. मैत्रिणीलाही वाचायला दे.

मात्र एक गोष्ट पहिल्या दिवसाआधी लेखी घे : कुणी कोसळलं, कुणी स्वतःला इजा करण्याबद्दल बोललं, तर कुणाला कळवायचं. नाव आणि फोन नंबर. मुलांच्या गटात ‘ताई, कुणाला सांगू नका हं’ हे कधी ना कधी ऐकायला मिळणारच. तेव्हा वचन देऊन बसू नकोस. जिवाला धोका असेल तर मला सांगावंच लागेल, हे गट सुरू होतानाच स्पष्ट करून टाक. मुलं ते समजून घेतात.

आता ज्येष्ठ. सगळे इंटर्न आधी जुने फोटो काढतात आणि ‘आजी, ओळखा पाहू कोण?’ विचारतात. स्मृतिभ्रंश असलेल्या माणसासाठी ही परीक्षाच असते, तीही रोज नापास होण्याची. त्यापेक्षा अ‍ॅन बॅस्टिंग या अमेरिकी अभ्यासक-रंगकर्मी बाईंनी १९९०च्या दशकात घडवलेली ‘टाइमस्लिप्स’ पद्धत बघ. समोर एखादं चमत्कारिक चित्र ठेवायचं, ज्यांना बरोबर-चूक उत्तर नाही असेच प्रश्न विचारायचे आणि जे उत्तर येईल ते शब्दाला शब्द फळ्यावर लिहायचं. सुधारायचं नाही, गुळगुळीत करायचं नाही.

आमच्याकडच्या एका मुलीने हत्तीवर खुर्ची टाकून बसलेल्या बाईचं चित्र नेलं होतं. कुठे निघाली असेल ही? एक आजी म्हणाल्या, कामाला. दुसऱ्या म्हणाल्या, नवऱ्याला सोडून! वाचा गेलेले एक आजोबा होते. त्यांनी टेबलावर बोटाने दोनदा ठोकलं. या मुलीने फळ्यावर तिसऱ्या ओळीत लिहिलं : टक टक. शेवटी गोष्ट मोठ्याने वाचताना त्या ओळीपाशी ती थांबली आणि आजोबांकडे बघत राहिली. त्यांनी ठोकलं. मग पुढची ओळ. नंतर ती गोष्ट जेव्हा जेव्हा वाचली, तेव्हा सगळा गट त्या जागी त्यांच्यासाठी थांबायचा. मला विचारशील तर ही मुलगी तिथे कशासाठी गेली होती, याचं पूर्ण उत्तर यात आहे.

वाचा गेलेल्यांपैकी काहींना बोलता येत नसलं तरी ओळखीच्या गाण्यातले शब्द म्हणता येतात. म्हणून सुरुवात गाण्याने कर, आणि दर वेळी त्याच गाण्याने. येत नसेल गाता, तरी कर.

अहवालाचा रकाना. एका सत्रात तुझ्यामुळे कुणाची तब्येत सुधारली, हे तुला सिद्ध करता येणार नाही. तुलनेला दुसरा गट नाही, मधेच कुणाचं औषध बदललेलं असतं, कुणाची मुलगी भेटून गेलेली असते. तसं लिहू नकोस, कॉलेजने आग्रह धरला तरी. जे दिसलं ते लिही : कोण आलं, किती वेळ बसलं, कोण कुणाशेजारी जाऊन बसलं, कुणी आपणहून रंग मागितला. मुलांच्या गटासाठी वॉरविक-एडिंबरा मनःस्वास्थ्य मापनपट्टी वापरता येईल. १४ विधानं असतात, गेल्या दोन आठवड्यांबद्दल, प्रत्येकाला पाच पर्याय. आधी रीतसर परवानगी घे. स्मृतिभ्रंशाच्या गटाला मात्र ती देऊ नकोस.

भित्तिचित्राला माझा विरोध आहे. उद्घाटनाची तारीख जवळ आली की ब्रश चित्रकाराच्या हातात जातो आणि ज्यांच्यासाठी हे सगळं चाललंय ते खुर्च्यांवर बसून बघत राहतात. हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

रात्रपाळी :
मी नर्स आहे. उंबरठाताईंनी लिहिलेल्यात थोडी भर. रंग पाण्यात मिसळणारे आणि बिनविषारीच घ्या. मणी, बटणं, छोटे खडे ज्येष्ठांच्या टेबलावर नकोत, काहीजण तोंडात घालतात. कात्र्या मोजून द्या, मोजून घ्या. स्मृतिभ्रंश असलेल्यांची संमती एकदा फॉर्मवर सही घेऊन संपत नाही. दर वेळी विचारा. हात मागे घेतला, तोंड फिरवलं, की ते ‘नाही’ समजा. आणि फोटो काढायचाच असेल तर हातांचा काढा, चेहऱ्याचा नको.

शेजारचा :
भित्तिचित्राबद्दल मी असहमत. आमच्या भागातल्या केंद्रावर एक आहे, माझ्या मुलीने त्यातला निळा पट्टा रंगवलाय. इंटर्न निघून गेले, प्रकल्प संपला, भिंत राहिली. आम्ही ती रोज बघतो. फक्त काय काढायचं हे आम्हाला विचारलं गेलं होतं, आणि एक मसुदा आम्ही चक्क नाकारला होता. बघणाऱ्यालाही काहीतरी मिळायला हवं ना?

उंबरठा :
नाकारता आलं, हे महत्त्वाचं. तसं होत असेल तर माझी तक्रार नाही. चित्रवेडी, तुझ्या समन्वयकांना हेच विचार : मसुदा नाकारायचा अधिकार गटाला आहे का? नसेल तर मुलांसाठी फोटोव्हॉइस सुचव. कॅरोलाइन वांग आणि मेरी अ‍ॅन बरिस यांनी १९९०च्या दशकात चीनच्या युन्नान प्रांतात गावातल्या बायकांच्या हाती कॅमेरे दिले. आपल्या तब्येतीला काय मारक, काय तारक, ते त्यांनीच टिपलं, त्यावर बोलल्या आणि ते फोटो धोरण ठरवणाऱ्यांपुढे ठेवले. तुझी मुलं फोनवर हे सहज करतील. परवानगीशिवाय कुणाचा चेहरा नको, एवढं मात्र आधी शिकव.

चित्रवेडी :
खूप आभार सगळ्यांचे. समन्वयकांशी आजच बोलते. एकच विचारायचं राहिलं : सत्र संपल्यावर ज्येष्ठांचा निरोप कसा घ्यायचा? मी येणं बंद केलं तर त्यांना वाईट वाटेल, याचीच सगळ्यात जास्त धास्ती आहे.

उंबरठा :
वाटेल, आणि काहींना तू कोण हे आठवणारही नाही, तरी काहीतरी कमी झालंय एवढं जाणवेल. म्हणून शेवटची तारीख पहिल्याच भेटीत सांग आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर मोठी खूण कर. निम्मं सत्र झालं की केंद्रातल्या एखाद्या कर्मचाऱ्याला शेजारी बसव, मग फळ्यावर लिहायचं काम त्यांच्याकडे दे, तू नुसती बस. गाणं तेच ठेवायचं, वार आणि वेळ तीच. जाताना चित्रांचा गठ्ठा, गोष्टींची वही आणि कुणाला कुठला प्रश्न विचारला की कळी खुलते याची एक पानभर टिपणं त्यांच्या हवाली कर. टिपणांमध्ये आजाराची नावं लिहू नकोस. समन्वयकांशी बोलणं झालं की काय ठरलं ते इथेच कळव.