पेस्ट लावून ड्रिलवर फिरवलं म्हणून व्हॉल्व्ह बसत नसतो

उद्यमनगर_लेथ

काल इथं एक सल्ला वाचला : "कास्ट आयर्न बुलेट ३५० चं इंजिन बांधल्यावर कॉम्प्रेशन लागत नसेल तर हेड काढा, व्हॉल्व्हला ग्राइंडिंग पेस्ट लावा, ड्रिल मशीनवर दहा मिनिटं फिरवा. टॅपेट जरा टाइट ठेवा, आवाज पण बंद होतो." खाली तिघांनी "एक नंबर" लिहिलंय. चांगलं हेड वाया जायला एवढंच पुरतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

हेडला पाना लावायच्या आधी लीक कुठं आहे ते शोधा. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडा आणि परत किक मारून बघा. दाब वाढला तर रिंग आणि बोअर बघायचे, व्हॉल्व्हला हात लावू नका. फरक पडला नाही तर पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीला (सगळ्यात वर, दोन्ही व्हॉल्व्ह बंद) आणा, गाडी टॉप गिअरमध्ये टाका, मागचा ब्रेक कुणाला तरी दाबून धरायला लावा आणि प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडा. ब्रेक धरला नाही तर क्रँक फिरतो आणि किक पायावर येते. आता कान लावा. कार्ब्युरेटरमधून सूं आवाज आला तर इनलेट, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट, ब्रीदरमधून (क्रँककेसची हवा सोडणारी नळी) आला तर रिंग.

हेड काढलंच तर पहिलं काम पेस्ट नव्हे, गाइड, म्हणजे व्हॉल्व्हचा दांडा (स्टेम) ज्यात सरकतो ती नळी. व्हॉल्व्ह सीटपासून (तो ज्यावर टेकतो ती कड) आठ-दहा मिमी उचला आणि आडवा हलवून बघा. डोळ्याला हलताना दिसला तर गाइड गेलं. अशा गाइडमध्ये तुम्ही कितीही घासा, व्हॉल्व्ह प्रत्येक वेळी वेगळ्या जागी बसणार. आधी गाइड, मग गाइडमध्ये पायलट (कटरला सरळ धरणारी दांडी) घालून ४५ अंशाचा सीट कटर, आणि शेवटी पेस्ट. पेस्ट फक्त अंग मिळवायला असते, सीट बनवायला नसते.

ड्रिल एकाच दिशेनं जोरात फिरतं. पेस्टचे खडे गोल चर पाडतात, सीटची कड गोलटते आणि व्हॉल्व्ह सीटमध्ये खोल धसतो. व्हॉल्व्ह धसला की स्टेम तेवढाच वर येतो, रॉकरचा कोन बदलतो आणि स्प्रिंगला जागा जास्त मिळून ती ढिली बसते. काडीला रबर लावून दोन्ही तळहातांत मागं-पुढं फिरवा, दर आठ-दहा वेळा उचला, पाव फेरा सरकवा. सीट नीट कापलेली असेल तर दोन-तीन मिनिटांत एकसारखा राखाडी पट्टा दिसतो. नाही दिसला तर चूक कटिंगमध्ये आहे.

आणि टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या यंत्रणेतला खेळ, टाइट? एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बहुतेक उष्णता तो सीटवर टेकलेला असताना हेडमध्ये उतरते. टेकलाच नाही तर कड जळते. इंजिन थंड, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीला, पुशरॉड (कॅमकडून रॉकरला ढकलणारी दांडी) दोन बोटांनी गरागरा फिरला पाहिजे आणि वर-खाली हलता कामा नये. त्यापुढं पाव फेरासुद्धा घट्ट नको.

बुलेट_जुनी

तो सल्ला माझा. नाव न घेता लिहिलंत तरी कळलं.

कोल्हापुरात ऑइल इंजिनचे व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं असेच घासले गेलेत. उसाला पाणी पाजणारी इंजिनं त्यावर चालली. तिथं कुणी पायलट आणि कटर घेऊन बसत नव्हतं. सगळंच पुस्तकाप्रमाणं करायचं म्हटलं तर हेडच्या कामाचा खर्च गाडीच्या वर जातो. आणि टॅपेटचं म्हणाल तर नव्या इंजिनात सगळं बसायला लागतं, जरा घट्ट ठेवलं तर नंतर आपोआप ढिलं होतं.

उद्यमनगर_लेथ

ऑइल इंजिन आणि बुलेट एका तागडीत घालू नका. लिस्टर पद्धतीचं इंजिन साडेसहाशे आरपीएमला, पाण्यानं थंड होत चालतं. बुलेट ३५० ची ताकदच ५६२५ आरपीएमला मोजलेली आहे, आणि थंड करायला फक्त वारा. तिथं जो व्हॉल्व्ह पंधरा वर्षं चालतो तो इथं पन्हाळ्याच्या एका चढाला जळतो.

"आपोआप ढिलं होतं" हे तर पूर्ण उलटं आहे. नव्यानं कापलेली सीट पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये बसते, व्हॉल्व्ह किंचित वर सरकतो आणि टॅपेट आणखी घट्ट होते. हेडचे नट पहिल्या गरम फेरीनंतर परत आवळले की त्यानंही गॅप कमी होतो. म्हणून नट आवळले की टॅपेट परत बघायची, ती पण इंजिन पूर्ण गार झाल्यावर.

गंगावेश_गॅरेज

दोघंही एक गोष्ट विसरलात. डिकॉम्प्रेसर, म्हणजे किक हलकी करायला दाब सोडणारा छोटा व्हॉल्व्ह.

बुलेटचा डिकॉम्प्रेसर हवा एक्झॉस्ट पोर्टमध्येच सोडतो. त्यामुळं हवा सोडल्यावर सायलेन्सरमधून आवाज आला म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गेला, हा निष्कर्ष चुकीचा असू शकतो. इंजिन बांधताना केबल ताणून बसवतात, तो छोटा व्हॉल्व्ह केसभर उघडा राहतो, गरम गॅस त्यातून जात राहतो आणि महिनाभरात त्याची सीट खाऊन टाकतो. लक्षणं सगळी एक्झॉस्ट व्हॉल्व्हसारखी : किक हलकी, आयडलिंग धरत नाही, थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमध्ये फटफट. आधी केबल सोडा, दांडी दोनदा दाबून उसळू द्या, मग परत हवा सोडा. लिव्हरला एक-दोन मिमी खेळ पाहिजेच. खाली कार्बन बसला असेल तर तो काढून त्याच पेस्टनं हा छोटा व्हॉल्व्ह हातानं घासता येतो. इथं बुलेट_जुनींची पेस्ट चालेल, ड्रिल मात्र नाही.

शिरोली_फाउंड्री

गाइड बदला म्हणालात, पण कशाचं ते कुणीच लिहिलं नाही. खरं वाटोळं तिथं होतं. लेथवाल्याकडं जो गनमेटलचा तुकडा पडलेला असतो त्याचंच गाइड निघतं. गनमेटल मऊ, एक्झॉस्टच्या उष्णतेत त्याचं तोंड कर्ण्यासारखं पसरतं. साधं ग्रे कास्ट आयर्न, एफजी २६० दर्जाचं, हेच बरोबर. त्यातलं ग्रॅफाइट स्वतः वंगण देतं, आणि बुलेटच्या एक्झॉस्ट गाइडला ऑइल बेताचंच पोचतं. एवढंच बघा की बारच्या कडेला चिल लागलेलं (ओतताना पटकन गार होऊन कडक झालेलं) नसावं. कडक कडेवर टूल किंचाळतं, आणि तेच कडक कण पुढं स्टेम खातात.

पन्हाळा_घाट

फाउंड्रीचं गाव म्हणून सगळीकडं कास्ट आयर्नच का? फॉस्फर ब्राँझ उष्णता चांगली वाहून नेतं. शिवाय बुलेटचं बोअर कास्ट आयर्नचं असलं तरी हेड अॅल्युमिनियमचं. अॅल्युमिनियम कास्ट आयर्नच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, म्हणून तापलेल्या हेडमध्ये लोखंडी गाइडची पकड कमी होते. ब्राँझचं प्रसरण दोघांच्या मधलं, पकड टिकते. हललेलं गाइड काढून नवं घालताना ब्राँझ किंवा अॅल्युमिनियम ब्राँझच घालावं.

शिरोली_फाउंड्री

पकड कमी होते कारण गाइड थंड हेडमध्ये हातोड्यानं काढलं जातं. अॅल्युमिनियम खरवडून भोक मोठं होतं, मग त्याच मापाचं नवं गाइड घालतात आणि दोष लोखंडाला! हेड ओव्हनमध्ये दीडशे अंशांच्या वर एकसारखं तापवा, पाण्याचा थेंब टाकला की तडतडून उडाला पाहिजे. गॅसकटर एका जागी धरू नका, हेड वाकतं. गाइडच्या पोर्टकडच्या टोकाला कार्बन असतो तो आधी खरवडून काढा, नाहीतर तोच कार्बन भोक ओरबाडत बाहेर येतो. पायरीच्या ड्रिफ्टनं (गाइडमध्ये बसणाऱ्या ठोकायच्या दांडीनं) ठोका. मग भोक मोजा, आणि त्या मोजमापावरून गाइड भोकापेक्षा दीड-दोन थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) मोठं कापा. नवं गाइड बसवण्याआधी तासभर फ्रीझरमध्ये ठेवा. बसल्यावर आतलं भोक आवळतं, म्हणून रीमर नंतर, आधी नाही. इनलेटला दोन थाऊ, एक्झॉस्टला तीन थाऊच्या आसपास मोकळीक. एवढं केलं तर कास्ट आयर्न हलत नाही.

पन्हाळा_घाट

मापाचं सगळं मान्य. पण व्हॉल्व्ह कोणता घातलाय ते विचारलंत? आता बाजारात मिळणारे बरेच एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ऑस्टेनिटिक (चुंबक न धरणाऱ्या) स्टीलचे. चुंबक लावून बघा : इनलेटला पटकन चिकटतो, एक्झॉस्टच्या डोक्याला चिकटत नाही. स्टेमला चिकटला तर दोन तुकड्यांचा जोडलेला व्हॉल्व्ह, तो लोखंडी गाइडमध्ये चालेल. स्टेमलाही चिकटला नाही आणि त्यावर क्रोम नसेल तर तो कास्ट आयर्नमध्ये ओरखडे धरतो आणि गरम झाल्यावर अडकतो. तिथं ब्राँझच लागतं. तुम्ही गाइडचं मटेरियल एकटं ठरवता, स्टेम बघतच नाही.

शिरोली_फाउंड्री

क्रोम नसलेल्या स्टेमपुरतं मान्य करतो. तेवढ्याचपुरतं. क्रोम असलेला व्हॉल्व्ह घ्या की, गाइड कशाला बदलता.

साइडव्हॉल्व्ह_४९६

कालच्या त्या सल्ल्याच्या शीर्षकात "व्हिंटेज" लिहिलं होतं आणि चर्चा चाललीय बुलेटची. सत्तरच्या दशकाच्या शेवटची बुलेट व्हिंटेज नाही. २०२१ च्या नियमात पन्नास वर्षांवरच्या गाड्यांनाच ती नोंदणी आहे, आणि गाडी मूळ रूपात लागते, चासी, बॉडी, इंजिनात मोठा बदल चालत नाही. बीएसए एम २० सारख्या साइड व्हॉल्व्ह गाडीला (व्हॉल्व्ह हेडमध्ये नाही, बोअरच्या बाजूला) तुमचं निम्मं लागूच पडत नाही. तिथं सीट बोअरच्या लोखंडातच कापलेली, वेगळी रिंग नाही. अशा सीटचं खरं दुखणं पेट्रोल आहे. शिसं असलेलं पेट्रोल १ फेब्रुवारी २००० पासून देशात बंद झालं. शिशाचा थर व्हॉल्व्ह आणि सीट यांच्यामध्ये बसायचा, तो गेला आणि मऊ सीट खाली जायला लागल्या. यावर कुणी बोलत नाही.

गंगावेश_गॅरेज

सीट खाली जाते हे खरं, पण सतत फुल थ्रॉटलला, तापलेल्या इंजिनाला. एम २० आठवड्यातून एकदा रंकाळ्यावर नेऊन आणणाऱ्याला त्याची भीती घालू नका, नाहीतर लोक धडधाकट बोअर कापून कडक रिंगा बसवून घेतील आणि पातळ भिंतीला चीर जाईल. आधी मोजा. दर पाचशे किमीला थंड इंजिनावर टॅपेट बघा आणि लिहून ठेवा. सीट बसून गेल्यावरही टॅपेट दर वेळी घट्टच होत असेल तर सीट खाली चाललीय. ढिली होत असेल तर झीज टॅपेट, कॅम यांच्या बाजूला आहे. वही लागते, महागडं यंत्र नाही.

आजच्या पेट्रोलचं खरं दुखणं वेगळं आहे. वीस टक्के इथेनॉलनं मिश्रण पातळ होतं आणि जुना कार्ब्युरेटर स्वतः जुळवून घेत नाही. प्लग पांढरा दिसत असेल तर मेन जेट एक-दोन नंबरांनी वाढवा. गाडी दोन महिने उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करा, नाहीतर इनलेटच्या स्टेमवर चिकटा धरतो आणि व्हॉल्व्ह उघडाच राहतो.

साइडव्हॉल्व्ह_४९६

वहीचं पटलं. बुलेटला व्हिंटेज म्हणणं पटलेलं नाही.

उद्यमनगर_लेथ

मूळ मुद्द्यावर या. बुलेट_जुनी, तुमच्या त्या हेडचं सांगा. हेड उलटं ठेवा, प्लग लावा, चेंबरमध्ये पेट्रोल भरा. रॉकेल नको, ते जाडसर असतं, बारीक लीक लपवतं. पाच मिनिटं बॅटरी लावून दोन्ही पोर्टमध्ये बघा. सीटवर मार्किंग ब्लूचा (कुठं टेकतं ते दाखवणारा निळा रंग) पातळ हात देऊन व्हॉल्व्ह एकदाच टेकवा. निळा पट्टा पूर्ण गोल, कुठंही न तुटलेला पाहिजे. रुंदी इनलेटला सव्वा मिमी, एक्झॉस्टला दीड ते दोन. रुंद झाला असेल तर वरून ३० आणि खालून ६० अंशाचा कटर देऊन अरुंद करा. व्हॉल्व्हच्या कडेची जाडी एक मिमीच्या खाली गेली असेल तर घासत बसू नका, नवा घ्या. धारेसारखी कड लाल होते आणि प्लगच्या आधी पेट्रोल पेटवते.

बुलेट_जुनी

केलं.

इनलेट पोर्ट कोरडा. एक्झॉस्ट पोर्टमध्ये दुसऱ्या मिनिटाला ओल आली. बॅटरी आत धरून बघितलं तर व्हॉल्व्हच्या गोलाकडं काहीच नाही, थेंब डिकॉम्प्रेसरच्या भोकाच्या कडेवर धरत होता, एक पडला की दुसरा. गंगावेश_गॅरेज यांचं बरोबर निघालं. तो छोटा व्हॉल्व्ह काढला, एका बाजूला काळी रेघ जळलेली आहे. हातानंच घासतोय.

ब्लू पण दिला. एक्झॉस्टचा पट्टा पूर्ण आहे पण तीन मिमी रुंद, आणि मधे गोल चर. ते ड्रिलचं काम, मान्य. कटर मारायला उद्यमनगरात देतोय. टॅपेट पुशरॉड फिरेल अशीच ठेवणार.

पण गाइड फॉस्फर ब्राँझचंच घालणार आहे. स्टेमला चुंबक चिकटला नाही.

शिरोली_फाउंड्री

क्रोम आहे का ते आधी बघा. स्टेमच्या वरच्या टोकाशी, कॉटरच्या (स्प्रिंगची टोपी अडवणाऱ्या पाचरीच्या) खाचेजवळ, रंगात बारीक फरकाची रेघ दिसते का? दिसली तर क्रोम आहे, कास्ट आयर्नचं गाइड चालेल.