बाबांच्या डीटीपी दुकानातले जुने कॉम्प्युटर रोजच्या वापरात कसे आणता येतील? सल्ला हवाय

जुळाऱ्याची लेक

नमस्कार मंडळी. बाबांचं वाईला डीटीपीचं, म्हणजे छपाईची पानं कॉम्प्युटरवर जुळवून देण्याचं दुकान होतं, त्याआधी खिळ्यांची (शिशाच्या अक्षरांची) प्रेस. दोन वर्षांपूर्वी तब्येतीमुळे त्यांनी शटर ओढलं आणि सगळं सामान घराच्या माळ्यावर गेलं. आता घराचं काम काढलंय, आई म्हणते माळा रिकामा कर. भंगारवाला येऊन बघून गेला, सगळ्याचे मिळून ८०० रुपये म्हणाला. बाबा काही बोलले नाहीत, पण त्या दिवशी जेवलेही नाहीत नीट.

सामान असं आहे: एक पेन्टियम ४, ५१२ एमबी रॅम, ८० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज एक्सपी. एक पेन्टियम ३, विंडोज ९८, फ्लॉपी ड्राइव्हसकट. दोन जाडे मॉनिटर, एक टीव्हीएसचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, टीव्हीएस गोल्ड कीबोर्ड, आणि फ्लॉपी-सीड्यांचे तीन बुटाचे खोके.

शोकेसमध्ये ठेवायला नकोयत. घरात किंवा गावात कुणाच्यातरी रोजच्या कामाला यावेत असं मनापासून वाटतं. मी पुण्यात नोकरी करते, शनिवार-रविवार तिकडे जाते, स्क्रू ड्रायव्हर धरता येतो पण हार्डवेअरमधलं फार कळत नाही. कुणी असं काही केलंय का?

करवीरकर

ताई, आधी एक काम करा, माळ्यावरून काढून लगेच प्लग लावू नका. दोन वर्षं पडून आहेत म्हणजे कॅबिनेटमध्ये पाल, उंदराच्या लेंड्या, काहीही असू शकतं. बाजूचा पत्रा काढा, रंगाच्या कोरड्या ब्रशने धूळ काढा, मग मदरबोर्डवरचे कपॅसिटर, म्हणजे छोट्या डबीसारखे उभे भाग, बघा. वरचं टोपण सपाट पाहिजे. फुगलेलं असेल किंवा तपकिरी काही ओघळलं असेल तर सुरू करू नका, त्या काळात खराब कपॅसिटरचा खूप माल आला होता, २००४-०५ च्या बोर्डांत हे हमखास दिसतं. रिपेअरवाला बदलून देतो.

सुरू केल्यावर नुसता बीप-बीप आवाज आला आणि स्क्रीन काळीच राहिली तर रॅम काढून तिच्या सोनेरी पट्टीवर शाळेतलं खोडरबर हलक्या हाताने घासा, पुसा, परत बसवा. दहातले सहा कॉम्प्युटर यानेच चालू होतात, मी पंधरा वर्षं हेच काम केलंय. तारीख चुकीची दाखवून एफ१ दाबायला सांगत असेल तर तो बिघाड नाही, सीआर२०३२ नावाचा बटणसेल संपलाय, घड्याळवाल्याकडे मिळतो.

मॉनिटर मात्र उघडायचा नाही. बंद करून ठेवला तरी पिक्चर ट्यूबमध्ये जबर व्होल्टेज साठून राहतं.

गच्चीवरचा

पेन्टियम ३ वर विंडोजऐवजी एखादं हलकं लिनक्स (फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम) टाका आणि आईला यूट्यूब लावून द्या की, जुन्या मशीनला नवं आयुष्य!

बिटबाय

गच्चीवरचा, असा सल्ला देऊ नका हो, लोक दोन-दोन शनिवार घालवतात आणि मग वैतागून भंगारात देतात. पेन्टियम ३ मध्ये एसएसई२ नावाच्या, प्रोसेसरला कळणाऱ्या सूचनाच नाहीत, त्या पेन्टियम ४ पासून आल्या, आणि आजचे ब्राउझर त्याशिवाय सुरूच होत नाहीत. पेन्टियम ४ वर अँटीएक्स किंवा पपी हे हलकं लिनक्स बसेल, लिहिणं-वाचणं, गाणी ऐकणं होईल, पण आजच्या एका वेबसाइटला ५१२ एमबी रॅम पुरत नाही हे खरं आहे. उबुंटू या लिनक्सने तर अशा जुन्या, ३२ बिटच्या कॉम्प्युटरची सीडी कधीच बंद केली आणि डेबियन या दुसऱ्या लिनक्सनेही २०२५ च्या १३ व्या आवृत्तीत ३२ बिटचा इन्स्टॉलर काढून टाकला.

दुसरं, चोवीस तास चालू ठेवून घरचा सर्व्हर करा असंही कुणीतरी सांगेलच. पेन्टियम ४ मॉनिटरशिवाय ८०-१०० वॉट सहज खातो. ९० धरले तर दिवसाला दोन युनिटच्या वर, महिन्याला ६५ युनिट. तेच काम ५ वॉटच्या रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरवर महिन्याला चार युनिटच्या आत होतं.

माझं मत स्पष्ट आहे: जुन्या कॉम्प्युटरला इंटरनेटची कामं देऊच नका. एक्सपीचा सपोर्ट एप्रिल २०१४ मध्येच संपलाय, त्याला नेटची वायरच लावायची नाही. एक मशीन, एक काम, आणि काम झालं की बंद. असं वापरलं तर अजून दहा वर्षं जातील.

अक्षरजुळणी

लेकी, मी मिरजेला तीस वर्षं हाच धंदा केला त्यामुळे तुझा धागा बघून राहवलं नाही, जरा लांबण लागेल, वाचून घे.

तुझ्या बाबांच्या त्या ८० जीबीत काय आहे याचा विचार केलास का? गावातल्या निम्म्या लग्नांच्या पत्रिका, शाळांचे स्नेहसंमेलनाचे अंक, देवस्थानांच्या स्मरणिका, वंशावळी, ग्रामपंचायतीचे अहवाल. आणि हे सगळं पेजमेकर या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, श्रीलिपी नाहीतर आकृती नाहीतर आयएसएमच्या फॉन्टमध्ये. ते फॉन्ट युनिकोड (आज सगळीकडे एकसारखी चालणारी अक्षरांची पद्धत) नव्हेत. त्यात इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी आकार बसवलेला असायचा आणि प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. आजच्या लॅपटॉपवर ती फाईल नेलीस तर फॉन्ट नाही म्हणून सगळा कचरा दिसतो, डोक्यावर टोपी घातलेली इंग्रजी अक्षरं. मजकूर जसाच्या तसा आहे, पण वाचता येत नाही.

ती फाईल बरोबर उघडणारं मशीन आज गावात कदाचित हे एकच असेल, आणि हाच त्याचा उपयोग आहे. माझ्याकडे महिन्यातून दोन-तीन जण येतात, पंचवीस वर्षांपूर्वीचा अंक परत छापायचाय, आजोबांचं आत्मचरित्र होतं त्याची सीडी सापडलीय. मी पेन्टियम ४ सुरू करतो, पेजमेकरमध्ये उघडतो, पीडीएफ करून देतो. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बांधला जातो म्हणून कुठेही तसंच दिसतं. परत टाइप करण्याचे पैसे वाचतात, मला दीडशे-दोनशे मिळतात. (ज्यांच्याकडे इनडिझाइन या पेजमेकरनंतरच्या सॉफ्टवेअरची सीएस६ पर्यंतची आवृत्ती आहे त्यांना पेजमेकर ६ ते ७ च्या फायली तिथेही उघडता येतात, पण फॉन्ट लागतोच.)

मजकूर युनिकोडमध्ये हवा असेल तर कन्व्हर्टर मिळतात, पण नंतर डोळ्यांखालून घालावंच लागतं. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते आणि युनिकोडमध्ये नंतर, त्यामुळे ती उडी मारून भलत्याच अक्षरावर बसते. रफारही पुढच्या अक्षरावर सरकतो. 'वऱ्हाड', 'तऱ्हा' असे शब्द आले की तिथे थांबून बघायचंच.

आणि त्या मशीनच्या मागे प्रिंटरच्या पोर्टला एखादं बोटभर डबडं लावलेलं असेल तर ते अजिबात काढून टाकू नकोस! ते सॉफ्टवेअरचं लॉक आहे, ते हरवलं की सॉफ्टवेअर उघडत नाही.

जुळाऱ्याची लेक

काका, तुमचं लिहिलेलं बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांनी लगेच विचारलं, लॉक कुठंय? ते डबडं भंगाराच्या पोत्यात होतं, सापडलं. पांढऱ्या रंगाचं, पिवळट पडलंय.

हार्ड डिस्कची एक कॉपी काढून ठेवावी म्हणते. पेनड्राइव्ह लावून बघितला पण एक्सपी ओळखतच नाहीये, नवीन ६४ जीबीचा आहे.

बिटबाय

तो एक्सफॅट या फायली साठवायच्या नव्या पद्धतीत फॉरमॅट असणार, एक्सपीला ते वेगळं अपडेट टाकल्याशिवाय कळत नाही. छोटा ८-१६ जीबीचा घेऊन फॅट३२ या जुन्या पद्धतीत फॉरमॅट करा, चालेल. पूर्ण कॉपीसाठी आयडीई टू यूएसबी अडॅप्टर (जुनी हार्ड डिस्क यूएसबीला जोडणारा) घ्या, पण पॉवरची वेगळी वायर असलेलाच घ्या, मोठ्या हार्ड डिस्कला १२ व्होल्ट लागतात, नुसत्या यूएसबीवर ती फिरत नाही. कॉपी होईपर्यंत त्या डिस्कवर काहीही नवीन टाकू नका. फ्लॉप्याही याच आठवड्यात उतरवा, बुरशी आलेली असेल तर ती ड्राइव्हमध्ये घालू नका, हेड खराब होऊन पुढच्या सगळ्या फ्लॉप्या घासते.

संकलन केंद्र

प्रिंटर मला द्या असं म्हणावंसं वाटतंय! आमच्या दूध संस्थेत सकाळ-संध्याकाळ पावत्या डॉट मॅट्रिक्सवरच निघतात. तीन प्रतींचा कार्बनवाला कागद लावला की एका दणक्यात तिन्ही प्रती, हे इंकजेट-लेझरला जमत नाही कारण तिथे कागदावर ठोका बसतच नाही. रिबन संपत आली तरी अक्षर फिकट होतं, अचानक बंद पडत नाही. तुमच्या गावात पतसंस्था, देवस्थान, दूध संस्था, कुठेही विचारा, एक्सपीवाला डबा आणि हा प्रिंटर अशी जोडी देणगी पावत्यांना उत्तम चालेल. यात्रेच्या दिवसात तर तो पाच-सहा तास लागतो.

नाशिकची माई

मी जुना एक्सपी फक्त कॅसेटींसाठी ठेवलाय. सासूबाईंच्या आवाजातल्या ओव्या आणि भोंडल्याची गाणी होती, ११ कॅसेटी. जुन्या कॉम्प्युटरला मागे निळ्या रंगाचं लाइन-इन असतं, आजच्या लॅपटॉपला ते नसतंच. टेपरेकॉर्डरची वायर तिथे जोडायची, शेजारच्या गुलाबीत नाही, ते माइकचं आहे आणि आवाज फाटतो. ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड करायचं, एक तासाच्या कॅसेटची साधारण ६०० एमबीची फाईल होते. कॅसेट आधी एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवून घ्यायची म्हणजे चिकटलेली फीत सुटते.

टीव्ही ट्यूनर कार्ड (कॉम्प्युटरवर टीव्ही-व्हिडिओ घेणारं) कुणाकडे पडून असेल तर लग्नाच्या व्हीएचएससुद्धा होतात. तासाला दोन-सव्वादोन जीबी धरा, आणि डिस्क एनटीएफएस या पद्धतीत फॉरमॅट ठेवा, फॅट३२ वर ४ जीबीला फाईल तुटते आणि नेमकी सप्तपदी अर्धवट राहते, माझ्या बहिणीच्या वेळी झालंय.

ग्रंथसखा

गावात वाचनालय असेल तर दाखल नोंदवही एक्सेलमध्ये घालायला पेन्टियम ४ पुरून उरतो. आमच्याकडे तेच चालू आहे, ग्रंथपाल बाई दुपारी दोन तास बसतात. फक्त एक्सपीवर मराठी आपोआप येत नाही, रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्समध्ये जाऊन कॉम्प्लेक्स स्क्रिप्टच्या फायली टाकाव्या लागतात आणि तेव्हा तो एक्सपीची सीडी मागतो, ती जवळ ठेवा. मग मंगल फॉन्ट आणि इनस्क्रिप्ट कीबोर्ड मिळतो. आणि तो टीव्हीएस गोल्ड कीबोर्ड कुणालाही देऊन टाकू नका. गावातल्या ज्या मुली टायपिंगच्या परीक्षेला बसतायत त्यांना सरावाला द्या, परीक्षा आता कॉम्प्युटरवरच असते आणि त्या कीबोर्डवर बोट दबलं की नाही ते कानाला कळतं.

जुळाऱ्याची लेक

तीन आठवड्यांनी लिहितेय, माफ करा, घराचं काम चालू होतं.

पेन्टियम ४ खोडरबरानेच चालू झाला करवीरकर! सेल बदलला, कपॅसिटर ठीक होते. डिस्कची कॉपी झाली, ३१ जीबी निघाली. फ्लॉप्यांमधल्या ६४ पैकी २२ वाचल्या गेल्या. मॉनिटर मात्र एक सुरूच झाला नाही, तो आणि मेलेला यूपीएस ई-कचरावाल्याकडे दिला, भंगारात नाही.

प्रिंटर देवस्थानाने मागितलाय, रिबन बाबाच भरून देणार आहेत. टायपिंगला शेजारची मुलगी रोज संध्याकाळी तासभर येते. पेन्टियम ३ अजून कॅबिनेट उघडून ठेवलाय, तिच्याच भावाला आतलं सगळं बघायचं असतं.

आणि काका, तुमच्यासाठी. बाबांनी लॉक लावून पेजमेकर उघडलं आणि पहिली फाईल काढली ती १९९९ च्या एका लग्नपत्रिकेची. त्या घरातल्या मुलाचं लग्न आता मे महिन्यात आहे. त्यांना बोलावून दाखवली तर म्हणाले, तीच चौकट आणि तसाच गणपती हवा, फक्त नावं बदला. बाबा कालपासून तेच करतायत. 'श्रीं'ची वेलांटी थोडी वर सरकलीय असं म्हणतात, मला तर काही दिसत नाही, पण ते एकेक टिंब खाली आणतायत आणि मी चहा करून देतेय.