स्मरणिकेचा मजकूर: टॉपशॅमचा ‘ब्रिज इन’ पब, मालक की परवानेदार?

प्रेषक: स्मरणिका समिती

नमस्कार मंडळी,
इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यातल्या सहलीच्या पानावरची चौकट खाली देत आहोत. चुका रविवारपर्यंत कळवा.

“क्लिस्ट नदीकाठचा ब्रिज इन १८९७पासून एकाच घराण्याच्या मालकीचा आहे. २७ मार्च १९९८ रोजी राणी एलिझाबेथ येथे आल्या होत्या. त्याच घराण्यातले घरमालक आजही पब सांभाळतात.”

प्रेषक: एक्सेटर शाखा

समितीस,
तारखा बरोबर आहेत. ‘घरमालक’ मात्र काढा. पबचा लँडलॉर्ड म्हणजे ज्याच्या नावावर परवाना असतो आणि जो पब चालवतो तो. इमारत त्याची असेलच असं नाही. व्हिक्टोरियन काळात हजारो पब ब्रुअरींच्या मालकीचे होते. लँडलॉर्ड त्यांचा भाडेकरू, आणि बिअर त्यांचीच विकायची ही अट. आपला जुना ‘गुत्तेदार’ या अर्थाला बराच जवळ जातो, पण आता ‘गुत्ता’ म्हटलं की वाचक नाक मुरडतील. ‘लँडलॉर्ड’च ठेवा.

‘मालकीचा’ हा शब्दही खरेदीखत पाहिल्याशिवाय छापू नका. ‘घराण्याकडे आहे’ एवढं पुरे. राणीच्या भेटीबद्दल एक ओळ वाढवता येईल: एखाद्या पबला त्यांनी दिलेली ती पहिली अधिकृत भेट मानतात, आणि तेव्हा या घराण्याला तिथे १०१ वर्षं झाली होती.

प्रेषक: ब्रिस्टल शाखा

ताई, १८९७च्या आधी तिथे कोण होतं हे शोधायचं तर कुठून सुरुवात करायची? आमच्या हॉलशेजारच्या पबचंही तेच काम आहे. भिंतीवरच्या फळीवर जुन्या लँडलॉर्डांची नावं आहेत, पण मध्येच खंड पडलाय.

प्रेषक: एक्सेटर शाखा

दादा, फळीवर विसंबू नका. ती बहुधा नंतर कुणीतरी ऐकीव माहितीवरून रंगवलेली असते.

अलीकडून मागे जा. आधी १९३९ची राष्ट्रीय नोंदणी, मग १९२१ची जनगणना. १९३१च्या जनगणनेचे कागद १९४२मध्ये आगीत जळाले आणि १९४१मध्ये जनगणना झालीच नाही, त्यामुळे तिथे शोधत बसू नका. १९२१च्या मागे दर दहा वर्षांनी १८४१पर्यंत जाता येतं. मधली वर्षं केली या प्रकाशकाच्या व्यापारी डिरेक्टऱ्यांतून भरा, पण छापून येईपर्यंत त्यातली माहिती शिळी झालेली असते. त्यातलं वर्ष म्हणजे माणूस पबवर आल्याचं वर्ष, असं धरू नका.

शोधताना नावाने नाही, पत्त्याने शोधा. पूल तिथे ब्रिज इन. एकट्या डेव्हनमध्ये किती निघतील! आपला ‘ब्रिज हिल, टॉपशॅम’ इथला. टॉपशॅम १९६६मध्ये एक्सेटरमध्ये आलं, त्याआधीच्या डिरेक्टरीत ते स्वतंत्र गाव म्हणून बघा. शहरातल्या पबच्या बाबतीत घरक्रमांक बदललेले असतात, म्हणून शेजारचं दुकान किंवा चर्चही टिपून ठेवा.

परवान्यांच्या वह्या एक्सेटरच्या डेव्हन हेरिटेज सेंटरमध्ये विचारा. १७५३च्या कायद्याने परवानेदारांच्या जामीनकतब्यांची (हमीपत्रांची) नोंदवही ठेवणं सक्तीचं झालं. १८२८मध्ये ती पद्धत बंद पडली आणि रीतसर नोंदवही पुन्हा सक्तीची झाली ती १८७२च्या कायद्याने. तुमच्या फळीवरचा खंड याच ४४ वर्षांतला असेल तर नवल नाही. त्यातच १८३०च्या कायद्याने दोन गिनी भरून, न्यायदंडाधिकाऱ्यांकडे न जाता, अबकारी खात्याकडून फक्त बिअर विकायचा परवाना घेता येऊ लागला. ही मंडळी १८६९पर्यंत न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कागदांत सापडत नाहीत. जनगणनेत ‘बिअर रिटेलर’ दिसला तर समजा, स्पिरिट विकणाऱ्या पूर्ण परवान्याचा पब नव्हे.

मालक कोण, याचं उत्तर लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात. १९१०च्या वित्त कायद्यानंतर जमिनींचं मूल्यांकन झालं. त्याच्या क्षेत्रवह्या, म्हणजे पाहणीच्या नोंदींच्या वह्या, ‘आयआर ५८’ या मालिकेत आहेत. मालक आणि कब्जेदार वेगळ्या रकान्यांत असतात, कधी खोल्यांचं वर्णनही. पण आधी नकाशावरून मालमत्तेचा क्रमांक काढावा लागतो. त्याशिवाय वही मागवता येत नाही. लोक इथेच अडकतात.

प्रेषक: ब्रिस्टल शाखा

आणि आडनाव बदललं की घराणं बदललं असं धरायचं का?

प्रेषक: एक्सेटर शाखा

मुळीच नाही! नवरा गेला की परवाना बायकोच्या नावे व्हायचा. तिने दुसरं लग्न केलं की पाटीवर नव्या नवऱ्याचं आडनाव चढायचं. मुलगी-जावयांकडे आला तरी तेच. म्हणून आडनाव बदललेल्या वर्षाच्या आसपासची लग्ननोंद आणि मृत्युपत्र काढून बघा. १८५८नंतरची मृत्युपत्रं राष्ट्रीय सूचीत सापडतात. त्याआधीची डेव्हनमधली बहुतेक १९४२च्या बॉम्बहल्ल्यात एक्सेटरमध्ये जळाली.

प्रेषक: स्मरणिका समिती

आभार. पान असं जात आहे: “क्लिस्ट नदीकाठचा ब्रिज इन १८९७पासून एकाच घराण्याकडे आहे. २७ मार्च १९९८ रोजी राणी एलिझाबेथ येथे आल्या. एखाद्या पबला त्यांनी दिलेली ही पहिली अधिकृत भेट मानली जाते. त्याच घराण्यातले लँडलॉर्ड आजही पब चालवतात.”