इंदूर : पाच मुलांना शाळेत ने-आण करण्यासाठी जुनी सात सीटर कोणती घ्यावी?

सुदामानगरकर (प्रश्न)

नमस्कार. आम्ही इंदूरला सुदामानगरात एकत्र कुटुंबात राहतो. माझी दोन आणि धाकट्या भावाची दोन अशी घरातली चार मुले, शिवाय शेजारच्यांची एक मुलगी, अशा पाच जणांना रोज सकाळी शाळेत सोडायचे आणि दुपारी परत आणायचे असते. सर्वांत लहान चार वर्षांचा आहे आणि सर्वांत मोठी बारा वर्षांची. सध्या दोन दुचाक्यांवर हे काम चालते, पण पावसाळ्यात ते जमत नाही. आईला अधूनमधून ओंकारेश्वरला न्यावे लागते आणि दिवाळीत पुण्याला जाणे होते, तेव्हा गाडी घाटातही चालली पाहिजे.

अंदाजपत्रक साडेपाच लाखांपर्यंत आहे, त्यात विमा आणि नावावर करण्याचा खर्च धरला आहे. पाहण्यात आलेल्या गाड्या म्हणजे पहिल्या पिढीतली एर्टिगा, २०२० च्या सुमाराची ट्रायबर आणि एक माराझो. एका ओळखीच्या दलालाने जुनी बोलेरो सुचवली आहे. सीएनजी घ्यावी की पेट्रोल, यावर घरात दोन तट पडले आहेत. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. गाडीच्या दिमाखाशी आम्हाला कर्तव्य नाही, मुले नीट बसली पाहिजेत एवढेच.

पीथमपूरकर

आपण प्रश्नात शेवटी जे लिहिले आहे, तेथूनच निवड सुरू करावी असे मला वाटते. इंजिन, मायलेज आणि रंग यांवर घरोघरी चर्चा होते, पण सात सीटर गाडी मुलांसाठी घेताना पहिला प्रश्न विचारायचा तो हा की, कोणते मूल कोणत्या सीटवर आणि कोणत्या पट्ट्याने बांधून बसणार आहे. यासाठी गाडी पाहायला जाताना कागदावर सात चौकोन काढून न्यावेत आणि प्रत्येक सीटचा पट्टा स्वतः ओढून पाहून नोंद करावी.

असे केले की लगेच लक्षात येते की, सात सीट म्हणजे सात सारख्या जागा नव्हेत. एर्टिगा काय किंवा ट्रायबर काय, या काळातल्या गाड्यांत मधल्या रांगेच्या मधोमध बहुधा केवळ कमरेचा पट्टा असतो, खांद्यावरून येणारा नसतो. म्हणजे चालक सोडला तर खांदा आणि कंबर दोन्ही धरणारे पट्टे उरतात पाच : पुढे एक, मधल्या रांगेत खिडकीकडचे दोन आणि मागे दोन. आपली मुलेही पाचच आहेत, त्यामुळे गणित जेमतेम जुळते. सहावे माणूस बसायचे झाले तर मधल्या जागी मोठ्या माणसाने बसावे, मुलाला तेथे बसवू नये. लहान मुलांचे बूस्टर सीट, म्हणजे पट्टा नीट बसावा म्हणून मुलाला उंच करणारी बैठक, खांद्यावरून येणाऱ्या पट्ट्यासाठी बनवलेले असते, कमरेच्या पट्ट्यावर ते वापरायचे नसते.

बोलेरो आणि जुन्या स्कॉर्पिओच्या काही मॉडेलांत मागे समोरासमोर आडव्या सीट असतात. त्या मोठ्या माणसांसाठी गावातल्या गावात चालून जातात, पण मुलांसाठी मी त्यांचा विचारही करणार नाही. आडवे बसलेल्या मुलाला जोराचा ब्रेक लागला की आधार द्यायला काही नसते, आणि बूस्टर तेथे बसवताच येत नाही. बोलेरो दणकट आहे यात शंका नाही, परंतु तो दणकटपणा पत्र्याचा आहे, आत बसलेल्याच्या मानेचा नव्हे.

दुसरी गोष्ट मागच्या रांगेत चढण्या-उतरण्याची. चार वर्षांच्या मुलासाठी आयसोफिक्सचे, म्हणजे गाडीतल्या पक्क्या कड्यांना थेट अडकवायचे, चाइल्ड सीट मधल्या रांगेत बसवाल, तर त्या बाजूची सीट पुढे सरकवता येत नाही आणि मागे जायची वाट बंद होते. म्हणून चाइल्ड सीट चालकाच्या मागे, उजव्या बाजूला बसवावे आणि डावी बाजू मोकळी ठेवावी, कारण शाळेसमोर मुले डावीकडेच, म्हणजे फुटपाथच्या बाजूला उतरली पाहिजेत. डावीकडची सीट एका हाताने सरकते की दोन माणसे लागतात, हे विक्रेत्याच्या दारातच करून पाहावे. आपल्या बारा वर्षांच्या मुलीलाच ती सरकवायला लावावी, कारण रोज ते काम तिच्याकडेच येणार आहे. आयसोफिक्सची कडी सीटच्या पाठीच्या आणि बैठकीच्या फटीत बोट घालून चाचपावी, लेबल पाहून विश्वास ठेवू नये.

तिसरी गोष्ट हवेची. माळव्यातल्या मे महिन्यात दुपारी दोन वाजता शाळेबाहेर उभी राहिलेली गाडी आतून भट्टी झालेली असते. ट्रायबरमध्ये वरच्या व्हेरिएंटना मधल्या आणि मागच्या अशा दोन्ही रांगांसाठी एसीचे झरोके आहेत. एर्टिगात छतावरून मधल्या रांगेवर हवा येते आणि तेथून ती मागच्या रांगेकडे जाते. सर्वांत खालच्या व्हेरिएंटमध्ये मागचा एसी आहे की नाही हे पाहून घ्यावे, कारण स्वस्त मिळणारी गाडी बहुधा तीच असते.

गाड्या आदळवून त्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या चाचणीत ट्रायबरला २०२१ मध्ये पाचपैकी मोठ्यांसाठी चार आणि मुलांसाठी तीन तारे मिळाले होते, २०१८ च्या अखेरीस आलेल्या दुसऱ्या पिढीतल्या एर्टिगाला २०१९ मध्ये दोन्हींसाठी तीन तीन, आणि माराझोला २०१८ मध्ये मोठ्यांसाठी चार पण मुलांसाठी दोनच. आपण पाहता ती पहिल्या पिढीतली, म्हणजे २०१२ ते २०१८ मधली एर्टिगा ही वेगळी गाडी आहे, त्यामुळे दुसऱ्या पिढीचे तारे तिला लावू नयेत.

माझा कौल ट्रायबरला आहे, पण एका अटीवर. तिचे इंजिन ९९९ सीसीचे, तीन सिलिंडरांचे आणि सुमारे ७२ अश्वशक्तीचे आहे. गावात ते पुरते. सिमरोलनंतर भेरूघाटात सात माणसे आणि एसी यांसह मात्र ते दमते, दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन ओरडत राहते आणि पुढच्या ट्रकला ओलांडण्याचा विचार सोडून द्यावा लागतो. वर्षातून मोजक्या वेळा घाट असेल तर हे सोसता येईल. दर आठवड्याला असेल तर नाही.

राजवाडा_वाला

एवढा खोल विचार करण्यापेक्षा मारुतीची ईको घ्या. सरकते दार, सीएनजी, दुरुस्ती गल्लोगल्ली होते, आणि उरलेल्या पैशांत मुलांची फी भरा. आमच्या भागात निम्म्या शाळांची ने-आण ईकोवरच चालते.

पीथमपूरकर

ईकोचे सरकते दार गर्दीच्या रस्त्यावर खरोखर सोयीचे आहे, हे मान्य. परंतु एअरबॅग नसलेल्या ईकोला २०१६ मधल्या चाचणीत मोठ्यांसाठी शून्य तारे मिळाले होते. चालकाची एअरबॅग सक्तीची झाली ती १ जुलै २०१९ पासून, आणि पुढच्या दोन्ही एअरबॅग सर्वच नव्या गाड्यांना सक्तीच्या झाल्या त्या २०२१ च्या शेवटी. त्याआधीची ईको या प्रश्नकर्त्यांनी घेऊ नये. बाकी गल्लोगल्ली दिसते म्हणून ती मुलांसाठी योग्य ठरते, हा युक्तिवाद मला पटत नाही.

जुनी_गाडी_जुना_माणूस

कोणती गाडी घ्यावी यावर वर पुरेसे आले आहे, मी फक्त कोणती घेऊ नये हे ओळखण्याबद्दल लिहितो. सात सीटर गाड्यांच्या बाजारात सर्वांत मोठी अडचण म्हणजे टॅक्सीच्या गाड्या. एर्टिगा तीन-चार वर्षे टॅक्सीत धावते, मग खासगी नोंदणीवर आणली जाते, नवे सीटकव्हर चढते आणि मीटर मागे फिरवले जाते. कागदावर ती स्वच्छ दिसते, पण खुणा राहतात. नंबरप्लेट सोडवून तिच्यामागच्या पत्र्यावर आणि स्क्रूंच्या भोकांभोवती पाहावे, जास्तीची भोके दिसतात आणि कडेला पिवळ्या रंगाचा ओघळ राहिलेला असतो. बॉनेट उघडून ॲक्सिलरेटरच्या वायरिंगजवळ पाहिले, तर स्पीड गव्हर्नर (टॅक्सीचा वेग मर्यादेत ठेवणारे यंत्र) काढल्यानंतरची कापून चिकटपट्टी गुंडाळलेली वायर सापडते. मागच्या बंपरवर परावर्तक पट्टी काढल्याची फिकट चौकोनी खूण उन्हात तिरके पाहिल्यावर दिसते.

मीटरवर माझा विश्वास नाही. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. २०१९ ची गाडी तीस हजार किलोमीटर चालली असे सांगितले जात असेल आणि चारही टायर २३२२ असे दाखवत असतील, म्हणजे २०२२ च्या तेविसाव्या आठवड्यातले असतील, तर पहिले टायर इतक्या लवकर कुठे झिजले हे विचारावे. तसाच छापील तुकडा सीटबेल्टच्या खालच्या टोकाला शिवलेला असतो. पट्टा पूर्ण बाहेर ओढला की तो दिसतो. त्यावरची तारीख गाडीच्या निर्मितीच्या बरीच नंतरची असेल, तर तो पट्टा बदललेला आहे, आणि पट्टे सहसा अपघातानंतर किंवा गाडी पाण्यात बुडाल्यानंतरच बदलले जातात. मागच्या रांगेचे पट्टे झटक्याने ओढून पाहावेत, ते जागच्या जागी अडकले पाहिजेत. पाच वर्षांत कोणी न वापरलेला पट्टा कधी कधी गुंडाळलाच जात नाही.

चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांनी विझला पाहिजे. तो लागलाच नाही तर दिवा काढलेला आहे असे समजून तेथून निघावे. मागच्या रांगेखालचा गालिचा उचलून पत्रा पाहावा, कारण मागून ठोकलेल्या गाडीची वेल्डिंग तेथेच लपवलेली असते, आणि आपली मुले नेमकी त्याच्या वर बसणार आहेत. त्यानंतर चासी क्रमांक घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून नोंदी काढाव्यात.

सीएनजीबाबत थोडक्यात. कंपनीने बसवलेली असेल तर घ्यावी, बाहेरून बसवलेली असेल आणि आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, चढवलेली नसेल तर घेऊ नये. सिलिंडरची हायड्रो (पाण्याच्या दाबाची) चाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते, तिचा दाखला मागून घ्यावा. मात्र एर्टिगात सिलिंडर डिकीतच बसतो आणि तिसरी रांग उभी असताना पहिल्या पिढीत डिकी मुळात १३५ लिटरचीच असते, म्हणजे पाच दप्तरे मुलांच्या मांडीवरच येणार. ट्रायबरमध्ये तर सातही सीट लावल्यावर डिकी ८४ लिटर उरते, पण तिची मागची सीट काढून घरी ठेवता येते, तेव्हा ती खूप मोठी होते. पुण्याला जाताना वर कॅरिअर बसवावे लागेल हे दोन्ही गाड्यांत गृहीत धरा.

सुदामानगरकर

आपणा दोघांचे मनापासून आभार. बोलेरो आम्ही बाद केली. आज दोन गाड्यांचे फोटो आले आहेत. एक ट्रायबर इंदूरचीच, एमपी-०९ क्रमांकाची आहे. दुसरी माराझो दिल्लीची असून किंमत चकित करणारी कमी आहे. बाहेरच्या राज्यातली गाडी घेण्यात काही अडचण आहे का? आणखी एक : शेजारच्या काकू मुलीचे महिन्याला काही पैसे देऊ म्हणतात, ते घेतले तर चालेल का?

टिळकनगर_इंदूर

मी वाहन विम्याचे काम करतो, म्हणून दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. खासगी नोंदणीच्या गाडीत पैसे घेऊन नियमितपणे प्रवासी नेणे हा व्यावसायिक वापर धरला जातो. खासगी गाडीच्या विम्यात भाड्याने वापर वगळलेला असतो, त्यामुळे अपघात झाल्यास आपल्या गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारला जाऊ शकतो, शिवाय परवान्याचा प्रश्न वेगळाच. काकूंनी पैसे देऊ नयेत असे त्यांना स्पष्ट सांगावे, आठवड्यातून दोन दिवस मुलांना दुपारी सांभाळले तरी हिशेब बरोबर होईल. आरसीवरच्या सात या आकड्यात चालकही धरलेला असतो, हेही ध्यानात असू द्यावे. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा चाइल्ड सीट नसेल तर एक हजार रुपये दंड आहे आणि तो चालवणाऱ्याला भरावा लागतो.

आता दिल्लीची माराझो. ती फक्त डिझेलमध्ये आली, आणि दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना रस्त्यावर बंदी होती, २०२५ मध्ये न्यायालयाने ती शिथिल केली, पण त्या बंदीमुळे तेथल्या डिझेल गाड्या ती मुदत जवळ येऊ लागली की स्वस्त होऊन आपल्याकडे येत आल्या आहेत. किंमत कमी असण्याचे ते एक सरळ कारण आहे, लगेच चोरीचा संशय घेण्याची गरज नाही. पण खर्च पुढे आहे. तेथल्या आरटीओकडून फॉर्म २८ वरचे ना हरकत प्रमाणपत्र आणावे लागेल, बारा महिन्यांच्या आत येथे नवा क्रमांक घ्यावा लागेल आणि मध्य प्रदेशचा रस्ता कर नव्याने भरावा लागेल. दिल्लीत भरलेल्या कराचा परतावा आपल्याला मिळेल असे गृहीत धरू नये. हे सर्व मिळवून किंमत पुन्हा मोजावी. माराझोचे उत्पादन आता बंद झाले आहे, तेव्हा पत्र्याचे आणि काचेचे सुटे भाग इंदुरात किती दिवसांत मिळतात हेही विचारून ठेवावे.

एमपी-०९ च्या ट्रायबरला हे काही लागणार नाही. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर विक्रेत्याच्या सह्या समोर बसून घ्याव्यात, कर्ज असेल तर बँकेचे पत्र आणि कर्जाची नोंद काढण्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये, आणि थकलेली ई-चलने परिवहनच्या संकेतस्थळावर आधी पाहून ती विक्रेत्याकडूनच भरून घ्यावीत. विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावा. विक्रेत्याचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) आपल्याला मिळत नाही, त्यामुळे हप्ता त्याने सांगितल्यापेक्षा जास्त येईल. तेवढी रक्कम साडेपाच लाखांतून आताच बाजूला काढावी.

सुदामानगरकर

समजले. येत्या रविवारी ट्रायबर पाहायला मोठ्या मुलीलाच घेऊन जातो, सीट ती सरकवून पाहील. काकूंशी बोलणे झाले आहे, बुधवारी आणि शुक्रवारी दुपारी मुले त्यांच्याकडे जेवतील.