मदत हवी आहे: मांजरीने विषबाधा झालेला उंदीर खाल्ला, जीवनसत्त्व के१ आताच सुरू करावं की चाचणीसाठी थांबावं?

आमच्या मांजरीने काल रात्री एक अर्धमेला, सुस्त उंदीर पकडून निम्मा खाल्ला. सकाळी कळलं की शेजारच्यांनी ब्रोमाडिओलोन या उंदीरविषाच्या वड्या ठेवल्या होत्या. पाकीट मी स्वतः वाचलंय, झिंक फॉस्फाइड हे दुसरं उंदीरविष नाही. वडी तिने खाल्लेली नाही, घरे आतून जोडलेली नाहीत.

वय ४ वर्षं, वजन साडेतीन किलो, नसबंदी झालेली, दुसरं औषध चालू नाही. सध्या खातेय, खेळतेय, हिरड्या गुलाबी आहेत. पण त्यावर विसंबायची माझी तयारी नाही. हे विष शरीराला जीवनसत्त्व के पुन्हा वापरू देत नाही आणि रक्त गोठवणारे घटक संपत येईपर्यंत, म्हणजे साधारण ३ ते ५ दिवस, वरून काहीच दिसत नाही.

डॉक्टरांकडे सकाळीच नेलं. उलटी करवण्याची वेळ टळली होती. त्यांनी दोन मार्ग सांगितले: आजपासूनच जीवनसत्त्व के१ च्या गोळ्या, सुमारे ४ आठवडे, नाहीतर औषध न देता ४८ ते ७२ तासांनी रक्त गोठण्याची पीटी चाचणी आणि मग निर्णय. गोळ्या सुरू केल्या तर मधल्या चाचणीचा भरवसा राहत नाही, असंही म्हणाले. संध्याकाळपर्यंत कळवायचंय. आमची मांजर गोळी हमखास थुंकते, हीच मोठी धास्ती.

वडी नव्हे, विषारी उंदीर खाल्लेली मांजर कोणी सांभाळली आहे का? तुमच्या डॉक्टरांनी यातला कोणता मार्ग घेतला, आणि महिनाभर रोज गोळी पोटात जावी म्हणून काय केलंत?