जिनिंगच्या ब्राउझर अ‍ॅपमधील डेस्कटॉप सूचना माझ्या लॅपटॉपवर दिसतात, मुनीमजींच्या संगणकावर दिसत नाहीत

प्रश्न (वणी तालुक्यातून)

नमस्कार. आमच्या गावाजवळच्या एका जिनिंगसाठी मी कापूस खरेदीचे अ‍ॅप पीएचपी आणि मायएसक्यूएलमध्ये तयार केले आहे. सर्व्हर कारखान्याच्या कार्यालयातच आहे. काटाघर, ग्रेडरची खोली आणि मुनीमजींचे टेबल येथील तीन संगणक १९२.१६८ ने सुरू होणाऱ्या पत्त्यावर ते ब्राउझरमध्ये उघडतात. गाडी काट्यावर चढली की भरलेल्या गाडीचे वजन नोंदवले जाते, ग्रेडर ओलावा पाहून भाव ठरवतो, माल खाली झाल्यावर रिकाम्या गाडीचे वजन होते आणि मग काटापट्टी (वजनाची पावती) चुकाऱ्यासाठी, म्हणजे पैसे देण्यासाठी, मुनीमजींकडे जाते.

अडचण या शेवटच्या टप्प्यावर आहे. मुनीमजी दिवसभर हिशेबाच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये काम करतात आणि आमचे अ‍ॅप मागे झाकलेले राहते. मागच्या आठवड्यात दुपारी तीनला रिकामी झालेली एक बंडी संध्याकाळी साडेसहापर्यंत फाटकाजवळ उभी होती, कारण तिची पट्टी पडद्यावर आल्याचे कोणाच्याही लक्षात आले नाही. त्या शेतकऱ्याला बैल घेऊन अंधारात गाव गाठावे लागले. हे पुन्हा होऊ नये, एवढ्यासाठीच मला पडद्याच्या कोपऱ्यात दिसणारी सूचना हवी आहे.

माझ्या लॅपटॉपवर लोकलहोस्टवर (संगणकाच्या स्वतःच्याच पत्त्यावर) सूचना व्यवस्थित येतात. मुनीमजींच्या संगणकावर (विंडोज १०, अद्ययावत क्रोम) मात्र परवानगी मागणारी चौकटच उघडत नाही आणि परवानगीची स्थिती तपासली असता थेट 'डिनाइड' (नाकारले) असे उत्तर मिळते. मुनीमजींनी कधीही काही नाकारलेले नाही, हे मी त्यांच्या शेजारी बसून पाहिले आहे. दुसरी गोष्ट अशी की, मी दर १० सेकंदांनी सर्व्हरकडे नव्या पट्ट्यांची विचारणा करतो, पण टॅब मागे गेला की ही विचारणा कधी कधी मिनिटभराने होते. यात माझे काय चुकत आहे?

उत्तर (हिंगणघाटहून)

आपल्या कोडमध्ये चूक नाही. चूक पत्त्यात आहे. ब्राउझर सूचनांची परवानगी फक्त सुरक्षित पानालाच मागू देतो, म्हणजे एचटीटीपीएसवरून (कूटबद्ध जोडणीवरून) आलेल्या पानाला. त्याच संगणकावरचा लोकलहोस्ट हा अपवाद धरला जातो, आणि म्हणूनच आपल्या लॅपटॉपवर सगळे सुरळीत चालले. १९२.१६८ चा साधा एचटीटीपी पत्ता आपल्या चार भिंतींच्या आतला असला तरी ब्राउझरच्या दृष्टीने तो असुरक्षितच असतो. क्रोमने २०१७ मध्ये, ६२ व्या आवृत्तीपासून, अशा पानांना परवानगी मागण्याची सोय बंद केली. त्यामुळे मुनीमजींना न विचारताच आपल्याला नकार मिळतो. खात्री करायची असल्यास त्या संगणकावर कन्सोल उघडून 'इजसिक्युअरकॉन्टेक्स्ट' या गुणधर्माची किंमत पाहावी. ती 'फॉल्स' दिसेल.

यावर दोन मार्ग आहेत. पहिला असा की, एमकेसर्टसारख्या साधनाने आपले स्थानिक मूळ प्रमाणपत्र तयार करावे, ते तिन्ही संगणकांवर विश्वासार्ह म्हणून बसवावे आणि त्यावरून सर्व्हरचे प्रमाणपत्र काढावे. मूळ प्रमाणपत्राची खाजगी किल्ली मात्र सर्व्हरवर किंवा पेनड्राइव्हवर पडून राहू देऊ नये, कारण ती ज्याच्या हाती लागेल त्याला त्या तिन्ही संगणकांपुढे कोणत्याही संकेतस्थळाचे सोंग घेता येईल. दुसरा मार्ग मला अधिक पसंत आहे. स्वतःचे एक डोमेन घ्यावे, त्याचे एक उपनाव कारखान्यातल्या पत्त्याकडे वळवावे आणि डीएनएसद्वारे (डोमेनच्या नावांच्या नोंदींद्वारे) पडताळणी करून लेट्स एन्क्रिप्टचे मोफत प्रमाणपत्र घ्यावे. यात कोणत्याही संगणकावर काहीही बसवावे लागत नाही. मात्र त्या प्रमाणपत्रांची मुदत कमी असते, म्हणून नूतनीकरण आपोआप होईल अशी व्यवस्था पहिल्याच दिवशी करावी. हंगाम ऐन भरात असताना प्रमाणपत्र संपले, तर फाटकावर उभ्या असलेल्या गाड्यांना आपण काय सांगणार?

स्वतःच सही केलेले प्रमाणपत्र लावून 'तरीही पुढे जा' असे दाबण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो घेऊ नये. पान उघडते, पण प्रमाणपत्रात दोष असताना सर्व्हिस वर्करची (पान बंद असतानाही ब्राउझर चालवू शकतो अशा स्क्रिप्टची) नोंदणी होत नाही, आणि पुढे फोनवर सूचना पाठवायच्या झाल्यास त्याच्याशिवाय चालणार नाही.

उत्तर (दर्यापूरहून)

वरील निदान बरोबर आहे. मी परवानगी मागण्याच्या वेळेबद्दल लिहितो, कारण आमच्याकडील एका डाळमिलमध्ये मी हीच चूक केली होती. पान उघडताक्षणी मी परवानगी मागत असे. तेथील वयस्कर दिवाणजींना ती चौकट जाहिरातीसारखी वाटली आणि त्यांनी 'ब्लॉक' दाबले. एकदा नकार नोंदला गेला की अ‍ॅपला पुन्हा विचारता येत नाही. पत्त्याच्या पट्टीच्या डाव्या बाजूच्या चिन्हावरून साइटच्या सेटिंगमध्ये जाऊन तो माणसानेच बदलावा लागतो. दिवाणजींना ते ठाऊक असणे शक्यच नव्हते, आणि मला हा प्रकार दोन आठवड्यांनी कळला.

म्हणून मुनीमजींच्या पडद्यावर मराठीत एक साधे बटण ठेवावे: 'पट्टी तयार झाली की मला कळवा'. ते त्यांनी स्वतः दाबल्यावरच ब्राउझरची चौकट उघडावी. फायरफॉक्समध्ये २०२० च्या ७२ व्या आवृत्तीपासून वापरकर्त्याने काही दाबल्याशिवाय ही चौकट येतच नाही. परवानगीची स्थिती 'डिनाइड' असेल, तर त्या बटणाच्या जागी ती कशी बदलावी हे दोन ओळींत लिहावे.

परवानगी असूनही सूचना दिसली नाही, तर विंडोजचे फोकस असिस्ट तपासावे. एखादा प्रोग्राम पूर्ण पडद्यावर चालू असताना ते सूचना आपोआप दडवून ठेवू शकते. हिशेबाचे सॉफ्टवेअर अनेकदा तसेच उघडलेले असते.

प्रश्नकर्ता

आपल्या दोघांचा मनापासून आभारी आहे. डोमेनचा मार्ग स्वीकारला, बटण ठेवले, आणि काल दुपारी मुनीमजींच्या पडद्यावर पहिली सूचना आली. त्यांनी हिशेब थांबवून लगेच पट्टी उघडली. आता उशिराचा प्रश्न उरला आहे. शिवाय गर्दीच्या वेळी एकाच गाडीच्या तीन-तीन सूचना येतात: वजन झाले, ओलावा नोंदला, गाडी खाली झाली. मालक नागपूरला असतात. त्यांनाही फोनवर कळावे, अशी त्यांची इच्छा आहे.

उत्तर (वरूडहून)

उशीर का होतो, ते आधी सांगतो. मागे गेलेल्या टॅबमधील टायमर ब्राउझर मुद्दाम मंद करतो. २०२१ च्या ८८ व्या आवृत्तीपासून क्रोममध्ये पाच मिनिटे झाकलेल्या टॅबचे टायमर साधारणपणे मिनिटातून एकदाच चालतात. तेव्हा पानाने सर्व्हरला विचारत राहण्याऐवजी सर्व्हरने पानाला कळवावे, अशी रचना करावी. आपल्यासाठी सर्व्हर-सेंट इव्हेंट्स पुरेसे आहेत. जोडणी तुटली तर ब्राउझर ती स्वतः पुन्हा जोडतो आणि मिळालेल्या शेवटच्या घटनेचा क्रमांक सर्व्हरला कळवतो, त्यामुळे मधल्या काळातील पट्ट्या सर्व्हरला पुन्हा पाठवता येतात. आपल्याकडील भारनियमनाचा विचार करता ही सोय फार मोलाची आहे.

पीएचपीमध्ये मात्र एक खाचखळगा आहे, ज्यात माझा अख्खा दिवस गेला. ही जोडणी दीर्घकाळ उघडी राहते आणि सेशनची (लॉगिनची माहिती ठेवणारी) फाइल कुलूपबंद करून ठेवते. परिणामी त्याच लॉगिनची बाकी सर्व पाने नुसती फिरत राहतात. लॉगिन तपासून झाल्याबरोबर सेशन राइट क्लोज हे फंक्शन बोलवावे, म्हणजे कुलूप सुटते.

सूचनांच्या गर्दीवर 'टॅग' हा उपाय आहे. पट्टीचा क्रमांक टॅग म्हणून दिला, की त्याच गाडीची नवी सूचना जुनीची जागा घेते. गाडीचा क्रमांक टॅग म्हणून वापरू नये, कारण बंडीला क्रमांक नसतो आणि एकच ट्रॅक्टर दिवसातून दोनदा येऊ शकतो. माझे स्पष्ट मत असे आहे की, मुनीमजींना तीनपैकी एकच सूचना मिळावी: रिकामे वजन होऊन पट्टी तयार झाली, ही. वजन झाले हे ग्रेडरला कळावे, मुनीमजींना नव्हे. ओलाव्याच्या बाबतीतही, तो तुमच्याकडे ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त निघून भावाचा निर्णय अडला असेल, तरच ग्रेडरच्या खोलीबाहेर कळवावे. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदीत ही मर्यादा १२ टक्के असते. ज्या सूचनेवर माणसाला काहीच करायचे नसते, तिच्यामुळे तो पुढची सूचनाही न वाचता बंद करू लागतो.

पट्टीच्या सूचनेला 'रिक्वायरइंटरॅक्शन' हा पर्याय द्यावा, म्हणजे डेस्कटॉपवरील क्रोममध्ये ती मुनीमजी हात लावेपर्यंत पडद्यावर राहील. मजकुरात पट्टी क्रमांक, गाव आणि निव्वळ वजन एवढेच असावे. शेतकऱ्याचे बँक खाते किंवा चुकाऱ्याची रक्कम तेथे दाखवू नये, कारण त्या टेबलासमोर दहा माणसे उभी असतात.

मालकांच्या फोनची गोष्ट वेगळी आहे. तेथे पान उघडे नसणार, म्हणून पुश (पान बंद असतानाही सर्व्हरकडून फोनवर संदेश पोचवण्याची सोय) आणि सर्व्हिस वर्कर दोन्ही लागतील. अँड्रॉइडवरील क्रोममध्ये तर पानातून थेट नवी सूचना तयार करता येत नाही. ती सर्व्हिस वर्करमार्फतच दाखवावी लागते. फोन आयफोन असेल, तर आयओएस १६.४ किंवा त्यापुढची आवृत्ती हवी आणि अ‍ॅप होम स्क्रीनवर जोडलेले हवे. संदेश ब्राउझर कंपनीच्या सर्व्हरवरून जात असला तरी त्यातील मजकूर कूटबद्ध असतो. त्याची मर्यादा सुमारे चार किलोबाइट असल्याने फक्त पट्टी क्रमांक पाठवणे उत्तम. 'टीटीएल' (न पोचलेला संदेश किती वेळ राखून ठेवायचा ती मुदत) एक-दोन तासांचे ठेवावे, नाहीतर रात्री बंद असलेला फोन सकाळी चालू होताच कालच्या सगळ्या गाड्या एकदम मोजू लागेल. पुश सेवेने ४१० (त्या फोनची नोंदणी आता उरली नाही) असे उत्तर दिले, तर ती नोंदणी डेटाबेसमधून काढून टाकावी.

यासाठी कारखान्यात इंटरनेट लागेल. मुनीमजींची सूचना मात्र राउटरच्या आतल्या आतच फिरते, म्हणून ती पुशवर कधीही अवलंबून ठेवू नये. इंटरनेट गेल्यावर डोमेनचे नाव सापडावे, यासाठी तिन्ही संगणकांच्या होस्ट्स फाइलमध्ये (नाव आणि पत्ता यांची जोडी संगणकावरच ठेवणाऱ्या फाइलमध्ये) त्याची नोंद आजच करून ठेवावी.

प्रश्नकर्ता

होस्ट्स फाइलचे माझ्या लक्षातच आले नव्हते. आज संध्याकाळी तिन्ही ठिकाणी नोंद केली आणि राउटरची इंटरनेटची वायर काढून काट्यावर एक रिकामी ट्रॉली चढवून पाहिली. पट्टी निघाली आणि मुनीमजींच्या पडद्यावर सूचना लगेच आली. सेशनचे कुलूपही सोडवले आहे. मालक रविवारी येतील, तेव्हा त्यांच्या फोनवर पुशची चाचणी घेऊन येथे कळवीन.