शेतीपंपाचा बोर्ड: स्टेट मशीन, सिम्युलिंक की डिजिटल ट्विन?

शिरोलीचा बोर्डवाला
नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत आमचं पाच जणांचं वर्कशॉप आहे. शेतीपंपाच्या स्टार्टरला लावायचा जीएसएम बोर्ड करतो, म्हणजे मोबाईलच्या सिमवर चालणारा कंट्रोल बोर्ड. एक फेज गेली की मोटार बंद, पाणी तुटलं की बंद, लाईट आली की चालू, मोबाईलवर मेसेज. मागच्या महिन्यात पंचगंगेकाठी एकाच डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) आमचे दहा बोर्ड बसले. रात्री दोनला लाईट आली, दहाही मोटारी एकदम उठल्या आणि डीपीचा फ्यूज उडाला. उसाला पाणी पाजायला आलेली माणसं अंधारात तशीच परत गेली. मला फार लागलं ते. टेबलावर एकेक बोर्ड नीट चालला होता. पुढचा बोर्ड आधी कॉम्प्युटरवर मॉडेल करूनच बनवणार. मालक म्हणतात डिजिटल ट्विन कर (खऱ्या पंपाला जोडलेलं मॉडेल), मित्र म्हणतो सिम्युलिंक घे (मॉडेल चालवायचं सॉफ्टवेअर), मी स्टेट मशीन काढून बसलोय, म्हणजे बोर्ड कुठल्या अवस्थेतून कुठल्या अवस्थेत कधी जातो त्याची आकृती. कुठून सुरू करू?

गोकुळ शिरगाव
भावा, ट्विन आत्ता नको. ट्विनमध्ये चालू पंपाचा डेटा आपोआप मॉडेलकडे येतो आणि मॉडेलचा हुकूम आपोआप पंपाकडे जातो. एकाच बाजूनं येत असेल तर ती नुसती शॅडो. तुझ्याकडे अजून मॉडेलच नाही.
स्टेट मशीन ठेव, पण हॅरेल यांनी १९८७ साली मांडलेल्या स्टेटचार्टसारखं काढ. फेजवरचा पहारा आणि जीएसएमचं काम एकाच वेळी चालतं. साध्या आकृतीत दोन्हींच्या अवस्थांचा गुणाकार होऊन कागद पुरत नाही, स्टेटचार्टमध्ये दोन्ही शेजारी शेजारी काढता येतात.

वायरमन ते इंजिनिअर
फ्यूजचं उत्तर स्टेट मशीनमध्ये सापडायचं नाही. हिशेब बघा. पाच एचपीची मोटार साधारण साडेसात अँपिअर घेते, थेट सुरू होताना सहापट. दहा मोटारी एकदम म्हणजे साडेचारशे. ६३ केव्हीएचा डीपी असेल तर त्याची ताकद ८५ अँपिअरच्या आसपास. चालत्या दहा मोटारी तो ओढतो, एकदम उठलेल्या नाही. त्यामुळं मॉडेल एका बोर्डाचं नको, अख्ख्या डीपीचं हवं. पायथन भाषेत सिमपाय फुकट आहे, घटना एकामागून एक चालवून बघायची लायब्ररी. दहा बोर्ड, एक डीपी आणि लाईट येण्याची घटना, एवढं पुरे. मोटारीचा करंट नेमका कसा उतरतो ते बघायचं असेल तेव्हा ओपनमॉडेलिका घ्या, यंत्रांची गणितं सोडवणारं सॉफ्टवेअर, तेही फुकट.

गोकुळ शिरगाव
बरोबर. आणि त्या दहांत बोर्डाचा सी भाषेतला खरा कोडच चालव, पायथनमध्ये नव्यानं लिहू नकोस. सुरू व्हायला रँडम थांबा टाकशील, पण सगळ्या बोर्डांना सीड (रँडम आकडे ज्यावरून काढतात तो सुरुवातीचा आकडा) एकच असेल तर दहाही जण सारखेच सेकंद थांबतील. एका बोर्डावर ही चूक जन्मात दिसणार नाही.

शिरोलीचा बोर्डवाला
आत्ता कोड उघडून बघितला. थांबा आहे, पाच ते साठ सेकंद. सीड सगळ्यांत १ च आहे. आता सीड म्हणून मोडेमचा आयएमईआय (प्रत्येक मोडेमचा वेगळा नंबर) घेतो आणि आज रात्री दहा बोर्ड सिमपायवर चढवतो. त्या शेतकऱ्यांना उद्या सकाळी स्वतः जाऊन भेटणार आहे.